दाजी विचारतात, गावाकडं सेफ आहे काय

गेल्या महिन्यात दाजींचा ठाण्यातनं फोन आला. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय, फ्लॅट पोराला द्यायचा आणि ताईला घेऊन इकडं यायचं, आमच्या घराला लागून पाच गुंठे जागा आहे तिथं बांधायचं, असं दोन-तीन वर्षं त्यांच्या मनात चाललंय. बोलता बोलता म्हणाले, "अरे पण तिकडं सेफ आहे काय रे? मी नेटवर कोल्हापूरचा क्राईम रेट बघितला, काय कळेना. एका ठिकाणी एकदम शांत जिल्हा म्हणतात, दुसरीकडं बघावं तर रोज मर्डर." मी म्हटलं दाजी या की निवांत, काय होतंय. फोन ठेवला आणि मग रात्री झोपच लागेना, की आपण काय होतंय म्हणून मोकळं झालो पण त्या माणसानं आयुष्यभर लोकलला लोंबकळून जे साठवलंय ते इथं घालणार, त्याला धड उत्तर तरी द्यायला पाहिजे. म्हणून हे लिहायला घेतलं. दाजींसाठी आणि पुण्यामुंबईत बसून असाच विचार करणाऱ्या बाकीच्यांसाठी पण.

आधी आकड्यांचं उरकतो. क्राईम रेट म्हणजे एक लाख लोकांमागं वर्षात किती गुन्हे नोंद झाले तो आकडा. आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेला ३८ लाख ७६ हजारांचा होता, बारा तालुके, आणि शंभरातली अडुसष्ट माणसं खेड्यात राहणारी. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही म्हणजे भागायला जी लोकसंख्या धरतात तीच मुळात अंदाजाची. आता गगनबावडा बघा, २०११ ला अख्ख्या तालुक्यात पस्तीस-छत्तीस हजार लोक. तिथं वर्षात एक खून झाला, एकच, तर लाखामागं रेट येतो पावणेतीनच्या वर. २०२२ ला देशाचा खुनाचा रेट होता २.१. म्हणजे एका दारूच्या भांडणातनं गगनबावडा देशापेक्षा धोकादायक ठरला, आणि पुढच्या वर्षी काही नाही झालं की शून्य, देशात सगळ्यात सुरक्षित. जिथं माणसंच थोडी तिथला रेट असाच उड्या मारतो, त्यावरनं घर बांधायचं का नाही ते ठरवू नये.

आणि आकडा वजन सांगत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला पानसरे गेले. वहीत ती खुनाची एकच नोंद. पण त्यानंतर कित्येक दिवस कोल्हापुरात माणसं सकाळी फिरायला जाताना मागं वळून बघत होती ते कुठल्या रकान्यात लिहिणार.

पण माझं खरं म्हणणं "नोंद" या शब्दाबद्दल आहे. केरळचा क्राईम रेट कायम वरच्या नंबरात असतो, आता केरळात काय लोक एकमेकांना लुटत बसलेत काय, तर नाही, तिथं माणूस पोलीस स्टेशनला जातो आणि त्याचं लिहून घेतलं जातं. आमच्याकडं काय होतं ते आमच्या घरातलंच सांगतो.

आमचं गाव करवीर तालुक्यात, राधानगरी रोडच्या आत, भोगावतीच्या काठाला. नदीवर मोटारी आहेत, एका रांगेत वीस-पंचवीस स्टार्टरच्या पेट्या. दोन वर्षामागं दिवाळीच्या आधी एक दिवस आण्णा सकाळी पाणी पाजायला गेले आणि तासाभरात परत आले, चप्पल तशीच चिखलाची, पायरीवर बसले, म्हणाले केबल नेली. आमची एकट्याची नाही, ओळीनं सात जणांची. मी गाडी काढून गेलो. पेटीपासनं मोटारीपर्यंतची सगळी केबल कापलेली, कापायला कटर वापरलेला, तोंडं एकदम साफ. आणि मग खालच्या अंगाला उसात शिरलो तर सरीत दोन-अडीच हात लांबीचा काळा पट्टा. केबल तिथंच जाळलेली. वरचं रबर वितळून मातीवर पापडासारखं घट्ट झालेलं, त्यात उसाचा पाला चिकटलेला, आजूबाजूची सात-आठ बुडकी करपलेली आणि टायर जाळल्यासारखा वास अजून उठत होता. तांबं तेवढं गुंडाळून नेलं. म्हणजे चोर घाईत नव्हते बघा. तास-दीड तास निवांत जाळ करून बसले होते, आणि आग दिसली असणार कुणाला तरी, पण नदीकडं रात्री जाळ दिसला तर आपण म्हणतो कोणीतरी शेकत बसलंय. पेरूच्या झाडाखाली त्यांनी खाल्लेल्या वडापावचे कागद पण पडलेले.

शेताची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते हे शहरातल्यांना माहीत नसतं. दिवसा दहा तास वीज द्या म्हणून २०२२ ला राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठाण मांडलं होतं ते काय उगाच नव्हतं. सत्तरीचा म्हातारा रात्री एक वाजता बॅटरी घेऊन नदीला जातो, साप असतो, गवा असतो, आणि आता हे केबलवाले. त्या रात्री लाईटची पाळी असती तर आण्णा तिथं असते आणि ते चार-पाच जण कटर घेऊन. हे मला अजून सुचू देत नाही.

तर सात जणांत ठरलं तक्रार द्यायची. गाडीत बसताना पाच राहिले, दोघं म्हणाले जाऊ दे, काय मिळणार आहे, दिवस मोडणार उगाच. स्टेशनला गेलो, कुठलं ते लिहीत नाही. तिथं एक जण म्हणाला अर्ज द्या, बघतो. अर्ज दिला, पोच घेतली, महिनाभर काही नाही. मला तेव्हा कळत नव्हतं की अर्ज वेगळा आणि गुन्हा दाखल होणं वेगळं. अर्ज फायलीत जातो, वर्षाच्या आकड्यात जात नाही. म्हणजे सात घरांची केबल गेली, आमच्या पट्ट्यात त्याच महिन्यात अजून दोन गावांत गेली, आणि कागदावर आमचा भाग एकदम शांत.

मग माझ्या ऑफिसातल्या एका वकील मित्रानं सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी लिहितो. चोरी दखलपात्र गुन्हा असेल, म्हणजे पोलिसांना कोर्टाला न विचारता तपास करता येतो असा, तर एफआयआर घ्यावीच लागते, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात ते स्पष्ट सांगितलंय. १ जुलै २०२४ पासनं नवे कायदे आलेत, आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यायची, एफआयआरची प्रत फुकट द्यायची, आणि नाहीच घेतली तर एसपींना लेखी पाठवायचं, पोस्टानं पाठवलं तरी चालतं. हद्दीचं आपल्याला फार महत्त्वाचं, कागलच्या पुढं निपाणी म्हणजे कर्नाटक, चोरीची गाडी अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात. आणि मोटार-केबलची बिलं जपून ठेवा, कारण नव्या कायद्यात पाच हजाराच्या आतली चोरी, चोराचा पहिलाच गुन्हा, आणि माल परत दिला, तर शिक्षा समाजसेवेची आहे. आपली केबल बारा हजाराची होती का चार हजाराची हे बिलावरनंच कळणार, तोंडानं सांगून नाही.

आम्ही एसपी ऑफिसला लेखी दिलं. पंधरा दिवसांत फोन आला, जबाब घेतला, गुन्हा दाखल झाला. केबल मिळाली नाही अजून. पण एफआयआरची ती प्रत आण्णांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय आणि कुणी विचारलं की काढून दाखवतात. त्या एका कागदामुळं नंतर रात्रीची पोलीस गाडी नदीच्या पाणंदीपर्यंत यायला लागली, आठवड्यातनं एक-दोनदा का होईना. जिथं गुन्हा नोंदच नाही तिथं गस्त कशाला लावतील कुणी, त्यांच्याकडं पण माणसं मोजकीच.

दुसरी गोष्ट मावशीची. मावशी गारगोटीकडची, एकसष्ट वर्षांची, दवाखान्यातनं परत येताना रस्त्यावर दोघं मोटारसायकलवाले भेटले, साधे कपडे पण बूट तांबडे, पॉलिश केलेले. "आजी, आम्ही पोलीस, पुढं खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने घालून कशाला फिरताय, काढा आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवा." वर ओळखपत्रासारखं काहीतरी दाखवलं. मावशीनं गंठण आणि बांगड्या काढल्या, त्यातल्या एकानं स्वतः रुमालात गाठ मारून दिली, पिशवीत ठेवली, जपून जा म्हणाला. घरी येऊन गाठ सोडली तर आत चार खडे. नदीतले गोल खडे नव्हेत, रस्त्याच्या कामाची खडी. मावशीनं ते खडे अजून टाकले नाहीत, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलेत. तिला गंठणापेक्षा जास्त काय लागलं माहीत आहे, की "मला लई मायेनं बोलला रं तो, आजी म्हणाला." आणि तिनं चार दिवस घरात सांगितलंच नाही. मुलगा ओरडेल, सून काय म्हणेल. चार दिवस! तेवढ्यात ते सोनं वितळून पण झालं असेल. लोकहो, खरा पोलीस रस्त्यात तुमचे दागिने काढायला लावत नाही, घरातल्या प्रत्येक म्हातारीला हे एकदा बसवून सांगा, आणि फसलीच तर तिच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी पण ती गप्प बसेल. फोनवर पैसे गेले तरी तसंच, लाज वाटून गप्प बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावायचा, पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर खात्यातले पैसे अडवता येतात. फोनवर पोलीस म्हणवून तुम्हाला अटक झालीय सांगतात ती डिजिटल अरेस्ट, असला काही प्रकार कुठल्याच कायद्यात नाही.

आता जे लिहायचंय ते मला सगळ्यात जड जातंय.

केबलची चोरी झाली त्याच हिवाळ्यात गावात व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की मुलं पळवणारी टोळी आलीय, अमुक गावात दिसली, तमुक गावात पकडली. तालमीची पोरं काठ्या घेऊन रात्री गस्त घालायला लागली, मी पण चार रात्री गेलो. गस्त चांगलीच गोष्ट आहे, शेकोटी, चहा, पोरं मोबाईल सोडून एकत्र बसतात. पण पाचव्या दिवशी भर दुपारी चादरी विकणारा एक जण मोटारसायकलवर गावात आला, मागं गठ्ठा बांधलेला, हिंदी बोलणारा, पंचविशीचा असेल. शाळेजवळ थांबून त्यानं एका पोराला पत्ता विचारला. एवढंच. दहा मिनिटांत पन्नास माणसं. कुणी आधार मागतंय, कुणी गठ्ठा सोडून चादरी रस्त्यावर टाकतंय, एकानं गाडीची चावी काढून घेतली. त्या पोराचा चेहरा मी विसरू शकत नाही, तो हात जोडत पण नव्हता, आधार कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून नुसता उभा होता आणि त्याचे गुडघे हलत होते. पोलीस पाटील वेळेवर आले म्हणून. ते मध्ये उभे राहिले, म्हणाले याला जो हात लावेल त्याचं नाव मी स्वतः लिहून देणार. आण्णा जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. मग दोघं-तिघं अजून. मग पांगले सगळे.

ही भीती कुठनं येते ते मला कळतं. आमच्या आयांनी गावित बहिणींचं प्रकरण बघितलंय, अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली रेणुका आणि सीमा, लहान पोरं पळवून चोऱ्या करताना वापरायची आणि नंतर मारून टाकायची, १९९६ ला पोलिसांनी धरल्या, २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टानं दोघी बहिणींची फाशी जन्मठेपेवर आणली. त्या धरल्या तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आई अंबाबाईच्या देवळात माझं मनगट असं धरायची की वळ उठायचे. ती भीती खोटी नव्हती. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षुकांना अशाच मेसेजवरनं ठेचून मारलं, ती माणसं आपल्या बाजूची, मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी. आणि सप्टेंबर २०२२ ला इथंच शेजारी, जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना मुलं चोरणारे म्हणून बडवलं. आमच्या शाळेजवळ पोलीस पाटील पाच मिनिटं उशिरा आले असते तर आमच्या गावाचं नाव त्या यादीत असतं, आणि मी तिथं होतो, काठी हातात नव्हती पण होतो.

आणि हे कोल्हापुरात होऊ नये असं मला फार वाटतं, कारण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना चावडीवर रोज हजेरी लावली, ती हजेरी आपल्या शाहू महाराजांनी १९१८ ला बंद केली. नुसती बंद केली नाही, फासेपारध्यांना सोनतळीला घरं दिली आणि आपल्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना सगळे चोर म्हणत होते त्यांच्या हातात राजानं स्वतःची राखण दिली. देशात तो कायदा जायला १९५२ उजाडलं. आपण शाहूंचं कोल्हापूर म्हणून छाती काढतो तर फिरस्ता माणूस गावात आला की आधी पाणी विचारायला पाहिजे. संशय असेल तर पोलिसांच्या ११२ ला फोन करा, तेवढं पुरतं.

दाजी, खरा धोका कुठं आहे ते आता सांगतो. २०२२ सालात देशात खून झाले २८,५२२ आणि रस्त्यावर माणसं मेली १,६८,४९१. जवळजवळ सहापट. तुम्ही चोराच्या भीतीनं खिडक्यांना जाळ्या लावणार, पण उसाच्या सीझनला अंधारात रस्त्याकडेला उभी केलेली डबल ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ती तुम्हाला जास्त धोक्याची. आमच्या फाट्यापासनं गावापर्यंत दीड किलोमीटरवर मी गेल्या काही वर्षांत तीन ओळखीची माणसं गमावलीत, एकाला पण चोरानं मारलं नाही. रेडियम पट्टीला किती रुपये लागतात? कारखान्यावर ट्रॉली रिकामी व्हायची वाट बघत असते तेव्हा लावता येते.

माझी पोरगी बारावीला आहे, कोल्हापूरला जाते, सहाच्या बसनं फाट्यावर उतरते. नोव्हेंबरात दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस आणि दिवा एक नाही. मी न्यायला जातो तर म्हणते, "पप्पा, मी येतो की चालत, काय होतंय." आमच्या पोरी अशाच बोलतात, येतो-जातो, मला ऐकायला बरं वाटतं. पण मी जातो. खरं सांगायचं तर आकडे बघितले तर तिथं उसात कोणी अनोळखी दबा धरून बसलाय याच्यापेक्षा ओळखीच्याकडनंच त्रास जास्त होतो, बलात्काराच्या नोंदींत शंभरातले नव्वदाहून जास्त आरोपी त्या बाईच्या ओळखीचे असतात. आणि बायकांवरच्या गुन्ह्यांत जवळपास एक तृतीयांश नुसते नवरा आणि सासरच्यांच्या छळाचे, आणि हे जे नोंद झाले तेवढेच.

आमच्या गल्लीत एक घर आहे. महिन्यातनं दोन-चार रात्री तिथनं आवाज यायचा. भांडी पडल्याचा, मग तिचा. गल्लीत सोळा घरं, सगळ्यांना ऐकू जायचं, सगळे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी पण वाढवायचो. नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला. चोर आला म्हणून पन्नास माणसं काठ्या घेऊन पळणारं गाव आमचं, आणि त्या दारापर्यंत वीस पावलं कुणी चालत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या बायकोनं रिमोट माझ्या हातातनं घेतला, टीव्ही बंद केला आणि चप्पल न घालता गेली. कडी वाजवली. म्हणाली, विरजण पाहिजे होतं. रात्री साडेदहाला विरजण. दार उघडेपर्यंत वाजवत राहिली. दुसऱ्या रात्री माझी आई गेली, काडेपेटी मागायला. मग पलीकडच्या काकू. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः माझ्या बायकोबरोबर १८१ ला, बायकांच्या हेल्पलाईनला, फोन करायला आमच्या घरात आली, पुढं काय झालं ते तिचं आहे, मी लिहिणार नाही. आता तिथनं आवाज येत नाही एवढं सांगतो.

हे सगळं मी परवा दाजींना फोनवर सांगितलं, अर्धा-पाऊण तास. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले कंपाऊंड किती उंच घ्यायचं? मी म्हटलं कमरेएवढं बास, त्या पैशात रस्त्याच्या कोपऱ्यावर दिवा लावू, फाट्यावरच्या दिव्याचं मी ग्रामसभेत दिलंय ते येईल तेव्हा येईल. मग ताईनं फोन घेतला. तिला त्या गल्लीतल्या घराबद्दलच दोनदा विचारायचं होतं. रविवारी आण्णांनी सुंभ धरून जागा मापली, खुंट्या मारल्या, आणि ताईनं सांगितल्याप्रमाणं स्वयंपाकघराची खिडकी मागच्या परड्याकडं होती ती काढून गल्लीच्या बाजूला घेतलीय.